महाडची बोट आणि कटकची परिषद

१४ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या गोरेगावात केंद्र सरकारची सागरी शिखर परिषद भरली होती. महामार्गांवरून ट्रकने जाणारा माल किनाऱ्यालगतच्या जहाजांवर आणि नद्यांतल्या बार्जवर कसा वळवायचा, याचा सागरमाला कार्यक्रमाचा राष्ट्रीय आराखडा त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. तारीख योगायोगाची नव्हती. या देशाच्या जलधोरणाचे आणि नौवहन धोरणाचे शिल्पकार म्हणून पंतप्रधानांनी त्या व्यासपीठावरून परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले. आपण त्या दिवशी कुठे होतो? मिरवणुकीत. निळी कमान, पंचशील ध्वज, अभिवादन, सगळे यथासांग. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ते वाचून आपल्यातल्या चांगल्या शिकलेल्यांनीही विचारले की बाबासाहेबांचा आणि जहाजांचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. सरकारने त्यातला आपल्या सोयीचा तेवढा भाग उचलला. उरलेला भाग सांगणे आपले काम होते, ते आपण केले नाही. म्हणून आज बाबासाहेबांचे चरित्र जरा वेगळ्या बाजूने सांगतो, रस्त्यांच्या आणि पाण्याच्या बाजूने.

या चरित्राची सुरुवात बैलगाडीने होते. साल १९०१ च्या आसपासचे. सुभेदार रामजी आंबेडकर खटाव तालुक्यात रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तिथे सरकारने तलाव खोदायला काढला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याहून भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचरे वडिलांना भेटायला निघाली. अंगावर नवे कपडे, मनात आगगाडीचा आनंद. मसूर स्टेशनवर उतरली तर घ्यायला कोणी आलेले नव्हते, पत्र वेळेवर पोचलेच नव्हते. स्टेशनमास्तरने आधी मायेने चौकशी केली, आणि मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान पुष्कळ होते, पण एकही बसवून घ्यायला तयार होईना. अखेर सौदा ठरला तो असा की भाडे दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बरोबर चालणार. रात्रभराचा प्रवास झाला. शिदोरी होती, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. भरल्या डब्यापाशी मुले उपाशी झोपली. वडील जिथे तलाव खोदून घेत होते, तिथे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या लेकरांना घोटभर पाणी मिळाले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. रस्ता सरकारी होता, टोल सरकारी होता. बंदी होती ती जातीची.

पुढचे शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये झाले. मग बडोद्याची शिष्यवृत्ती, आणि १९१३ साली बोटीने न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी जो प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा आणि वित्तव्यवहाराचा होता. कंपनीने पैसा कुठून गोळा केला आणि कशावर खर्च केला, याचा हिशेब हा पंचविशीतला तरुण मांडत होता. तीस वर्षांनी कटकमध्ये हा अभ्यास उपयोगी पडणार होता. १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. सामान आणि पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. विद्वानाची मिळकत ती पुस्तकेच. जहाज कंपनीकडे व्यवहार पाहणाऱ्या प्रवासी संस्थेकडून जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायच्या प्रवासाचा खर्च भागला. आणि बडोद्यात काय झाले ते आपण सगळे जाणतो. राहायला घर नाही, कचेरीत शिपाई लांबून कागद फेकतो.

आता १९२७. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि डिसेंबरच्या सत्याग्रहाची हाक दिली गेली. ही हकिगत आपल्या घराघरांत माहीत आहे. पण मुंबईचे सत्याग्रही महाडला कसे पोचले, ते फारसे सांगितले जात नाही. तेव्हाचा सोपा मार्ग म्हणजे मुंबईहून धरमतर आणि तिथून मोटारने महाड. मोटारमालकांनी सत्याग्रह्यांना नेण्यास नकार दिला. मसूरच्या गाडीवानांचेच काम सव्वीस वर्षांनी मोटारवाले करत होते. बैलाच्या जागी इंजिन आले, जात तीच राहिली. म्हणून मग समुद्राचा मार्ग घेतला गेला. २४ डिसेंबरला बाबासाहेब सुमारे दोनशे सत्याग्रह्यांसह पद्मावती बोटीत बसले. किनाऱ्या-किनाऱ्याने बोट हरिहरेश्वरला आली. तिथून सावित्रीच्या खाडीने आत शिरून दुसऱ्या दिवशी मंडळी दासगावच्या बंदरावर उतरली. तिथे लोक वाट पाहत उभे होते. पुढचा पल्ला पायी. त्याच रात्री महाडला मनुस्मृती जाळली गेली.

म्हणजे रस्ता बंद झाला तेव्हा समुद्र आणि खाडी उपयोगी पडली. कोकणातल्या आपल्या माणसाला हे सांगायला नको. रत्नागिरी-कुलाब्याचा समाज मुंबईच्या गिरण्यांत, रेल्वेत, गोदीत आला तो मोठ्या संख्येने बोटीनेच. घाट चढून जाणारा रस्ता मागून आला, रेल्वे तर १९९० च्या दशकात. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले, याच बाणकोट खाडीच्या मुलखातले. बोट ही या लोकांसाठी मौजेची गोष्ट नव्हती, पोटाची होती.

रस्त्याने मात्र पुन्हा एकदा किंमत वसूल केली. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाबासाहेब चाळीसगावला उतरले. ते तेव्हा सरकारी चौकशी समितीचे सदस्य होते, कायदेमंडळाचे सदस्य होते, बॅरिस्टर होते. टांगेवाले म्हणाले की टांगा देतो, पण महाराला बसवून आम्ही हाकणार नाही. महारवाड्यातल्या एका भावाने लगाम हातात घेतला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. कित्येक दिवस अंथरुणाला खिळून राहावे लागले. आपल्या समाजाच्या मान राखण्याच्या धडपडीतून हे घडले हे त्यांना कळले, तेव्हा त्यांनी त्या माणसाला दोष दिला नाही. टांगा हाकण्याचे हलके काम करणाराही स्वतःला एका बॅरिस्टरहून वरचा समजतो, ही नोंद मात्र त्यांनी करून ठेवली.

वाहतूक म्हणजे नुसते रस्ते, रूळ आणि जहाजे नव्हेत. कोण कुणाला नेणार, कोण ओझे उचलणार आणि कोण बसणार, हेही वाहतुकीतच येते. बाबासाहेब हे अंगावर झेलून शिकले होते. १९३८ च्या जानेवारीत खोती बंद करा म्हणून शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला, आणि फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली. गँगमन आपला, पण वरच्या जागा दुसऱ्यांच्या, हे दुखणे त्यांनी तिथे उघडे केले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी याच मनमाडची.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. आपल्याकडे या चार वर्षांचे वर्णन कामाचे तास आठ केले या एका वाक्यात उरकले जाते. ते मोठेच काम होते. पण मजूर खात्याकडे तेव्हा पाटबंधारे, वीज आणि सार्वजनिक बांधकामही होते, हे विसरून चालणार नाही. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. पुढच्या जानेवारीत खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. ज्या मंत्र्याने कोळसा कापणारा माणूस जमिनीखाली जाऊन पाहिला, त्याच मंत्र्याच्या टेबलावर तो कोळसा कलकत्त्याला कसा न्यायचा हा प्रश्नही आला. तो आला तो पुरामुळे.

जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीचा बांध फुटला. रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोड दोन्ही तुटले. कलकत्ता उत्तर भारतापासून तोडले गेले. पूर्वेला युद्ध होते आणि बंगालमध्ये त्याच वर्षी माणसे भुकेने मरत होती. सगळा माल रूळ आणि रस्ता यांच्याच भरवशावर ठेवला की काय होते, ते त्या वर्षी दिसले. आजवरची सरकारी रीत अशी होती की पूर आला की बांध उंच करायचा. बाबासाहेबांनी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा प्रयोग अभ्यासला होता. नदी एक समजा, खोरे एक समजा, आणि एकाच योजनेत पूर रोखा, शेतीला पाणी द्या, वीज काढा आणि नावा चालवा, असा त्यांचा आग्रह होता. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात बंगाल आणि बिहारच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी ते मांडले. तज्ज्ञ कोणता आणायचा यावर खात्यात ओढाताण झाली तेव्हा टेनेसीचा अनुभव असलेला अमेरिकन अभियंता हवा, यावर ते अडून बसले आणि वूरदुईन आले. त्यांच्या आराखड्यात दामोदरपासून हुगळीपर्यंत नावा चालतील असा कालवा होता. राणीगंजचा कोळसा पाण्यातून कलकत्त्याला, अशी कल्पना. कालवा पुढे झालाही, पण त्यावरच्या माल वाहतुकीने कधी जोम धरला नाही.

याच खात्याने ५ एप्रिल १९४५ च्या ठरावाने एक केंद्रीय आयोग स्थापन केला. त्याच्या नावातच जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन असे तिन्ही शब्द होते. वकिलाला नावे वाचायची सवय असते, म्हणून सांगतो. १९५१ साली हा आयोग वीज आयोगात मिसळला आणि केंद्रीय जल व वीज आयोग झाला. नौकानयन हा शब्द गळाला. बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला तेही वर्ष १९५१. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण पुढच्या काळात धरणे झाली, वीज झाली, कालवे झाले, नावा मात्र राहून गेल्या, हे खरेच आहे.

८ नोव्हेंबर १९४५ ची कटकची परिषद मला बाबासाहेबांच्या आयुष्यातली एक मोठी परिषद वाटते. ओरिसात महानदीचे पूर, दुष्काळ, हिवताप आणि दारिद्र्य एकत्र नांदत होते. समित्यांमागून समित्या झाल्या होत्या. बाबासाहेबांनी मूळ प्रश्नच उलटा केला. पाणी जास्त आहे हा रोग मानू नका, ही संपत्ती आहे, ती समुद्रात वाहून जाते हा रोग आहे. साठवा आणि वापरा, असा त्यांच्या भाषणाचा गाभा. आणि त्याच भाषणात ते देशांतर्गत जलवाहतुकीकडे वळले. कंपनीच्या काळात सार्वजनिक कामांत कालव्यातील नौकानयनाला मानाचे स्थान होते. मग रेल्वे आली आणि १८७० च्या दशकात रेल्वे की कालवे असा मोठा वाद पेटला. गोदावरीवर धवलेश्वरमचा बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन कालव्यांच्या बाजूने एकाकी झुंजले आणि हरले. रेल्वेवाले जिंकले, पण हा विजय देशाच्या हिताचा झाला नाही, असे बाबासाहेबांचे स्पष्ट मत होते. जर्मनी आणि रशियाने रेल्वे असूनही जलमार्ग सोडले नाहीत, याकडे त्यांनी बोट दाखवले. कोलंबियातला विद्यार्थी इथे मंत्री म्हणून बोलत होता. कंपनीचे जमाखर्च ज्याने तरुणपणी तपासले, त्याला रेल्वे कुणाच्या भांडवलासाठी आली हे वेगळे शिकवावे लागले नाही.

पाण्यावरून माल स्वस्त का पडतो, ते अवघड नाही. घर्षण कमी, म्हणून जोर कमी लागतो. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाच्या साहित्यात नेहमी एक हिशेब दिलेला असतो, की एक अश्वशक्ती रस्त्यावर १५० किलो, रुळावर ५०० किलो आणि पाण्यावर ४,००० किलो ओढते. कोळसा, लोखंड, सिमेंट, खत, धान्य असला जड आणि घाई नसलेला माल पाण्यावरच शोभतो. तरीही आज देशातला निम्म्याहून पुष्कळ अधिक माल रस्त्यानेच जातो.

१९४६ मध्ये मजूर खाते सुटले. मग घटना समिती, मसुदा समिती. इथे वकील म्हणून थोडे थांबतो. संघराज्याच्या सूचीत २४ वी नोंद राष्ट्रीय जलमार्गांवरील यांत्रिक जहाजांची, २५ वी समुद्रावरील नौवहनाची, २७ वी मोठ्या बंदरांची. लहान बंदरे समवर्ती सूचीत. बिनयंत्राची होडी राज्याकडे. यातले बरेच १९३५ च्या कायद्यातून आले आहे, ते सगळेच नवे म्हणून मिरवू नये. पण १९३५ च्या कायद्यात राष्ट्रीय जलमार्ग ही कल्पना नव्हती, ती संविधानात आली. संसदेने कायद्याने जाहीर केले की तो जलमार्ग राष्ट्राचा. १९८६ मध्ये अलाहाबाद ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा गंगेचा पहिला राष्ट्रीय जलमार्ग झाला, तो याच शब्दांच्या आधारे. २००८ साली महानदीच्या त्रिभुज प्रदेशाचा आणि ब्राह्मणी नदीचा मार्ग झाला, कटकनंतर ६३ वर्षांनी. २०१६ च्या कायद्याने संख्या १११ वर नेली. त्या यादीत महानदी आहे, दामोदर आहे. धरमतरची खाडी आहे, जिथल्या मोटारमालकांनी १९२७ ला नकार दिला. आणि हरिहरेश्वरपासून आत येणारी सावित्रीची बाणकोट खाडीही आहे. पद्मावतीचे सत्याग्रही ज्या पाण्यातून आत गेले, ते पाणी आज कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग आहे.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १३ जानेवारी १९५७ ला हिराकूडचे उद्घाटन झाले. त्या धरणाखाली लाखाहून अधिक माणसे उठली, त्यांत आदिवासी आणि दलित मोठ्या संख्येने. त्यांचे पुनर्वसन नीट झाले नाही. बाबासाहेबांची योजना थोर होती म्हणून या लोकांचे दुःख झाकून ठेवावे, असे मी म्हणणार नाही. आपण म्हणालो तर मग टोलनाक्यावरच्या त्या तहानलेल्या मुलांची बाजू कोण घेणार?

आणि आजचा प्रश्नही तोच आहे. माल रस्त्यावरून पाण्यावर न्यावा हे धोरण योग्य आहे. ते आपलेच आहे, विरोधासाठी विरोध करू नये. पण बाबासाहेबांच्या योजनेत नदी, वीज आणि जलमार्ग ही सार्वजनिक मालमत्ता होती. आता काय चालले आहे? उरणच्या शेतकऱ्यांची जमीन न्हावा-शेवा बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी गेली, १९८४ च्या आंदोलनात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. १९८९ ला बंदर सुरू झाले. २०२२ पर्यंत तिथला शेवटचा धक्काही खाजगी चालकाकडे गेला, आणि बंदर नुसते जमीनमालक उरले. बंदर सरकारी, म्हणून घटनेच्या १६ व्या अनुच्छेदाचे आरक्षण लागू. धक्का खाजगी, म्हणून आरक्षण नाही. नोकऱ्या मात्र धक्क्यावर असतात. पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, तिथले मच्छीमार आणि आदिवासी वर्षानुवर्षे विरोध करत आले आहेत. कंटेनर आला तसा पाठीवर गोणी वाहणारा माणूस कमी झाला. माथाडी कायदा १९६९ चा, तो बाजार आणि गोदामातल्या हमालासाठी. ट्रकचा माल उद्या बार्जवर गेला, तर त्या हमालाचे आणि ट्रकवरच्या क्लीनरचे काय?

२०२५ साली संसदेने किनारी नौवहनाचा स्वतंत्र कायदा केला. किनारी आणि अंतर्देशीय जलवाहतुकीचा राष्ट्रीय आराखडा सरकारने बनवावा असे त्यात लिहिले आहे. या आराखड्यात खाजगी धक्क्यांवरच्या नोकरभरतीत आरक्षण, नाविक प्रशिक्षणाच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींचा वाटा आणि उठवलेल्या मच्छीमार व आदिवासी कुटुंबांचे आधी पुनर्वसन, या मागण्या कुणी लेखी नोंदवल्या आहेत का? आपल्या संघटना नोकरभरतीच्या जाहिरातींवर मोर्चे काढतात, तेवढ्याच जोमाने या आराखड्यावर हरकती दाखल करायला हव्यात. त्यासाठी लागणारा सगळा दारूगोळा महाराष्ट्र शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या दहाव्या खंडात आहे. कटकचे भाषणही त्यातच आहे. विहाराच्या कपाटात तो खंड बहुतेक ठिकाणी असतो, पहिल्या खंडाइतका हाताळलेला मात्र नसतो.